गुंड्याचा प्रोजेक्ट: एक रॉटवायलर, सात म्हशी आणि आमचे अण्णा

१४ जानेवारी २०२४

आज आणला. नाव मी 'सर्जा' ठरवून ठेवलेलं, पण खोक्यातनं बाहेर काढल्या काढल्या आज्जी म्हणाली, "आगं बया, तांब्याची गुंडीच हाय की ही." झालं, गुंड्या. आता घरात कोण सर्जा म्हणणार नाही.

वय आठ आठवडे, नर. वजन गुऱ्हाळातल्या काट्यावर केलं, ७ किलो २०० ग्रॅम.

प्रोजेक्ट का, तर गेल्या वर्षात नदीवरच्या मोटारीची केबल दोनदा चोरीला गेली. अण्णांनी फर्मान काढलं, एक दांडगं कुत्रं आण, लोक बघूनच पळाले पाहिजेत. मी चार महिने वाचून, दोन-तीन लोकांची कुत्री बघून रॉटवायलर ठरवला. आणि वहीत लिहायचं ठरवलंय कारण मला माझ्या डोक्यावर भरवसा नाही, डोस कधी दिला आणि वजन किती होतं हे आठ दिवसांत विसरतो.

दादा बघायला आला आणि पहिलंच वाक्य, "शेपटी हाय, डुप्लिकेट दिला तुला." शेपटी असणारच की भावा, सगळी शेपटीसकटच जन्मतात, पूर्वी लहानपणीच कापून टाकायचे म्हणून फोटोत दिसत नाही. जर्मनीत १९९८ पासून कापायला बंदी आहे. आणि ही जात तिथलीच, रॉटवाइल गावची. पटलं नाही त्याला. जाऊ दे.

१६ जानेवारी

डॉक्टरांना दाखवला. ज्याच्याकडनं घेतला त्यानं कार्डावर दोन लसी लिहून दिल्यात पण बाटलीवरचं स्टिकर एकाही ठिकाणी नाही, डॉक्टर म्हणाले स्टिकर नाही म्हणजे लस नाही असंच धरायचं. मी फोन केला तर "विश्वास ठेवा की साहेब" म्हणून ठेवून दिला. अठ्ठावीस हजार मोजलेत राव, विश्वास कार्डावर चिकटवून द्यायचा होता.

आज पहिला डोस. पुढचे तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं, सोळा आठवड्यांचा होईपर्यंत, रेबीज तीन महिन्यांनंतर. पार्व्होचं, म्हणजे पिल्लांच्या जुलाब-उलटीच्या जीवघेण्या रोगाचं, डॉक्टरांनी दोनदा बजावलं, रॉटवायलर आणि डॉबरमनला तो जास्त पकडतो म्हणे. म्हणजे रस्त्यावर सोडायचं नाही, दुसऱ्या कुत्र्यांनी घाण केलेल्या जागी पाय टाकू द्यायचा नाही.

पण गोची अशी की जग बघायचं वयपण हेच, तीन ते साधारण चौदा आठवडे. या वयात जे बघितलं ते आयुष्यभर 'आपलं', जे नाही बघितलं त्याची शंका. आणि पन्नास किलोच्या कुत्र्याला शंका यायला लागली तर अवघड आहे. म्हणून खाली न ठेवता दाखवायचं असं ठरवलंय.

२८ जानेवारी

रोज संध्याकाळी छोटा हत्तीत मांडीवर घेऊन चक्कर. आतापर्यंत बघून झालं: पिठाची गिरणी, ऊसाची ट्रॉली, शाळा सुटताना, हेल्मेटवाला माणूस, छत्रीवाली म्हातारी, सलूनमधली खुर्ची. परवा कोल्हापुरात गंगावेशीत दुधकट्ट्यावर नेला. लोक म्हशीचं धारोष्ण दूध पीत उभे आणि हा मांडीवरनं म्हशीकडं बघतोय, म्हैस त्याच्याकडं बघतेय. दोघं शांत. तिथं एकानं विचारलं "जर्मन हाय काय?" म्हटलं हो, जर्मनच आहे, तसं बघितलं तर खोटं नाही.

१२ फेब्रुवारी

१०.५ किलो. दुसरा डोस झाला.

खाण्यावरनं घरात लढाई. दुकानदारानं कॅल्शियमची पावडर गळ्यात मारली, "हाडाचं कुत्रं हाय, रोज दोन चमचे घाला". डॉक्टरांनी डबा बघितला आणि बाजूला ठेवला. मोठ्या जातीच्या पिल्लाला जादा कॅल्शियम घातलं की शरीर ते शोषून घेणं थांबवू शकत नाही, हाडं वेडीवाकडी वाढतात, खुब्याचा आणि कोपराचा त्रास लागतो. लार्ज ब्रीड पपीचं खाणं देत असाल तर वरनं काही नको. आणि गुबगुबीत करायचा नाही, हात फिरवल्यावर बरगडी लागली पाहिजे. आज्जीला हे सांगणं म्हणजे... "पोराला उपाशी मारतोयस" म्हणून दोन दिवस बोलली नाही.

तांबड्या रश्श्याचा विषय तर वेगळाच. रविवारी मटण झालं की सगळ्यांचा हात ताटाकडनं खाली. कांदा-लसूण कुत्र्याला विषासारखा, रक्तातल्या लाल पेशी फुटतात, आणि आपल्या रश्श्यात कांदा-लसणाशिवाय आहे काय? शिजलेलं हाड पण नाही, त्याच्या काचेसारख्या सळ्या होतात. मनुके नाहीत. चुलीवरच्या फळीवर खडूनं लिहून ठेवलं: कांदा, लसूण, मनुका, चॉकलेट, हाड बंद. आईनं खाली लिहिलं, "आणि घरच्यांनी खायचं काय?"

भाकरी-ताक थोडं चालतं, उकडलेलं अंडं चालतं, चिकन मीठ न घालता. आज्जीला अंड्याचं खातं दिलंय. आता बोलते.

३ मार्च

घरात नवी स्टाईल फरशी आहे, हा पळतो आणि मागचे पाय फाकतात. वाढत्या सांध्याला वाईट. सोप्यात किलतान (गोणपाट) अंथरलं सगळीकडं, घर गोडाऊन दिसतंय. जिना बंद, छोटा हत्तीतनं उडी बंद, उचलून उतरवायचा. १५ किलो आहे आता, उचलतोय तोवर उचलतोय.

त्याच किलतानाच्या एका तुकड्यावर 'जागेवर' शिकवायला घेतलंय. बाकी काय नाही, त्या तुकड्यावर जाऊन पडायचं आणि मी म्हणेपर्यंत उठायचं नाही. पहिल्या दिवशी पाच सेकंद. आज चार मिनिटं, आणि समोरनं कोंबडी गेली तरी.

१० मार्च

शेवटचा डोस आणि रेबीज. अजून आठ-दहा दिवस थांबून मग जमिनीवर मोकळा.

१५ मार्च

आज सकाळपासनं फोन. केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याचं १२ तारखेचं पत्र आलंय, २३ जातींची विक्री आणि पैदास बंद करा, लायसन्स देऊ नका, आणि ज्यांच्याकडं आहेत त्यांची नसबंदी करा. यादीत पिटबुल आहे, केन कॉर्सो आहे आणि रॉटवायलर पण आहे. ग्रुपवर दहा जणांनी मलाच टॅग केलंय. दादा म्हणतो, "तुझं पिल्लू अतिरेकी यादीत आलं की रं."

गुंड्या त्यावेळी आज्जीच्या पायावर डोकं ठेवून घोरत होता.

नसबंदी करायचीच आहे मला, पण आत्ता नाही. रॉटवायलरवरच झालेल्या एका अभ्यासात वर्षाच्या आत नसबंदी झालेल्यांत हाडाच्या कॅन्सरचं प्रमाण बरंच जास्त दिसलं होतं. डॉक्टर म्हणाले दीड वर्ष होऊ दे, मग बघू.

एक मात्र खरं, पत्र उगंच आलेलं नाही. लोक असली कुत्री घेतात, गच्चीवर दोन फुटी साखळीला बांधतात, पोरं दगडं मारतात, आणि मग एक दिवस साखळी तुटते. त्यात कुत्र्याची चूक किती हा प्रश्न आहे, पण ज्याला चावलं त्याला त्या प्रश्नाचं काय करायचंय.

२९ मार्च

अण्णांशी पहिलं मोठं भांडण. मी कामाला गेलो तेव्हा गुंड्याला गोठ्यात दावणीला बांधून ठेवलेला, म्हशीच्या दाव्यानं. आणि कुणीतरी सांगितलंय की अंधारात बांधून, ठेचा कालवून भाकर घातली की कुत्रं कडक होतं. ठेचा घातला नव्हता, तेवढी कृपा.

मी म्हटलं अण्णा, याला कडक करायचं कामच नाही. राखण त्याच्या रक्तात आहे, आठ-नऊ महिन्यांचा झाला की आपोआप सुरू करेल. शिकवायचं आहे ते थांबायला. कोण आपलं, कोण पाहुणा, कधी गप बसायचं. बांधून ठेवलेल्या कुत्र्याला फक्त दोन गोष्टी कळतात, दाव्याची लांबी आणि राग.

अण्णा काही बोलले नाहीत. बोलले नाहीत म्हणजे पटलं नाही.

संध्याकाळी शेजारचे वस्ताद आलेले चहाला, त्यांनी मात्र ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तालमीत पोरगं आलं की आधी आम्ही त्याला पडायला शिकिवतो. पाडायला मागनं. जे पैल्यांदा पाडायला शिकतं ते चौकात मारामाऱ्या करतं." अण्णा चहा पीत राहिले. पण दावं परत काढलं नाही.

१२ एप्रिल

कर्नाटक हायकोर्टानं परवा, १० तारखेला, ते केंद्राचं पत्र रद्द केलं. संबंधित लोकांचं ऐकूनच घेतलं नव्हतं असा मुद्दा. ग्रुपवर आता कुणी टॅग केलं नाही.

ऊन पेटलंय. काळं अंग, जाड केस, आणि कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, सगळा कारभार जिभेवर. फिरणं सकाळी साडेसहाच्या आत, संध्याकाळी सातनंतर. डांबरावर हाताची मागची बाजू सात सेकंद ठेवायची, आपल्याला सोसलं नाही तर त्याच्या पायाला पण नाही. दुपारी गोठ्याच्या मागं चिंचेखाली खड्डा करून पाणी मारून ठेवतो, त्यात पोट टेकून पडतो. ओलं किलतान अंगावर टाकून ठेवायचं नाही, डॉक्टर म्हणाले त्यानं उष्णता आतच कोंडते, खाली अंथरा आणि पोटाला, पायाला पाणी लावा, वारा लागू द्या.

२३ एप्रिल

जोतिबाची यात्रा. पन्हाळा रोडनं सकाळपासनं लोक, हलगी, कैताळ, सासनकाठ्या, गुलाल. मी गुंड्याला घेऊन रस्त्यापासनं शंभर फूट लांब बांधावर बसलो, खिशात उकडलेल्या चिकनचे तुकडे. हलगी वाजली की तुकडा. पहिल्या हलगीला कान मागं आणि माझ्या पायात शिरला. तासाभरानं हलगी वाजली की माझ्या खिशाकडं बघायला लागला. मग वीस फूट पुढं. दुपारी घरी आलो तर दोघंही गुलाबी.

एका बाईनं लांबनं हात जोडले आणि म्हणाली, "चांगभलं रं वाघा." त्यानं शेपूट हलवलं. बरं झालं कापलेलं नाही, नाहीतर तिला कळलं कसं असतं.

२० मे

सहा महिने, ३१ किलो. म्हणजे गुळाचा एक रवा आणि वर थोडं. काट्यावर आता स्वतः जाऊन बसतो कारण नंतर अंडं मिळतं हे माहितीय.

दात बदलून झाले. सोप्यातली एक खुर्ची, अण्णांची एक कोल्हापुरी चप्पल (एकच, दुसरी शाबूत, त्याचाच अण्णांना जास्त राग) आणि टीव्हीचा रिमोट गेला.

स्वभावाबद्दल दोन गोष्टी लिहून ठेवतो कारण कुणी सांगितलं नव्हतं. एक, हा टेकतो. माणूस उभा असला की येऊन सगळं अंग मांडीला लावून भार टाकतो, पाहुणे घाबरतात, पण ते प्रेम आहे. दोन, हा घशातल्या घशात कायतरी बडबडत असतो, कान चोळला की ट्रॅक्टर न्यूट्रलला सोडल्यासारखा आवाज. दादाला वाटलं गुरगुरतोय. फरक बघायचा असेल तर अंग बघायचं. अंग सैल, डोळे मऊ, तर गप्पा. अंग ताठ, तोंड मिटलेलं, हालचाल थांबलेली, आवाज असो नसो, तिथं हात मागं घ्यायचा. आणि खऱ्या गुरगुरीवर मारायचं नाही कधी. आवाज बंद होईल, राग नाही, मग पुढच्या वेळी सूचना न देता चावेल.

८ जून

मुसकं शिकवलं. बैलाला पाथीत धरताना बांधतो तसंच, फक्त जाळीचं आणि तोंड उघडून धापा टाकता येतील एवढं मोठं. आतल्या बाजूला दही चोपडायचं आणि आपण धरून ठेवायचं, त्यानं आपणहून तोंड घालायचं. आठ दिवसांत मुसकं दिसलं की पळत येतो. आज्जी म्हणते, "बैल मेले मुसक्याला घाबरून, ह्यो दही चाटतोय." दवाखान्यात आणि गर्दीत घालणार, चावतो म्हणून नाही, समोरच्यानं निवांत उभं राहावं म्हणून.

३० जून

माझी चूक, किंवा आमच्या घराची. पाऊस सुरू झाल्यापासनं गोचिड्या. मी गावाला गेलेलो दोन दिवस, अण्णांनी म्हशींच्या गोचिडीवरचं औषध बादलीत कालवलं आणि म्हशींबरोबर गुंड्यालाही चोळलं. चांगल्या मनानं केलं. हा अंग चाटत बसला. संध्याकाळी आईचा फोन, लाळ गळतेय, उभा राहिला की झुलतोय, हाक मारली तर बघत नाही.

अण्णांनी स्वतः उचलून गाडीत घातला, ३६ किलो, वयाच्या अठ्ठावन्नव्या वर्षी, पावसात. दवाखान्यात आधी साबणानं धुतला, मग सलाईन. रात्रभर तिथंच. मी पहाटे पोचलो तर अण्णा बाकड्यावर बसलेले, सदऱ्यावर सगळी लाळ वाळलेली, आणि गुंड्याचा पंजा हातात. मी काही बोललो नाही. तेच म्हणाले, "बाटलीवर बारीक लिवलंय रं, म्हशीचं प्रमाण हाय त्ये."

३ जुलै

ठीक आहे. खातोय. पण रक्त तपासलं तर प्लेटलेट कमी, म्हणजे त्या गोचिड्यांनी ताप पण दिलेला, टिक फिव्हर. डॉक्सीसायक्लिन २८ दिवस, मधेच बरं वाटलं म्हणून सोडायचं नाही. यापुढं गोचिडीची गोळी कुत्र्याचीच, वजनावर, तारीख भिंतीवर. गोठ्याच्या भिंतीच्या फटी सिमेंटनं बुजवल्या, गोचिड्या तिथंच अंडी घालतात. हे काम अण्णांनी एकट्यानं केलं, मला हात लावू दिला नाही.

२६ जुलै

पंचगंगेनं धोक्याची ४३ फुटांची पातळी ओलांडलीय आणि पाणी वाढतंच आहे. खालच्या पट्टीतला ऊस पाण्यात. म्हशी काल रात्री रोडच्या कडेला नातेवाइकांच्या शेडमध्ये हलवल्या, तिथं आधीच तीन घरची जनावरं, अनोळखी माणसं, पोरं, टॉर्च, आरडाओरडा. मला भीती गुंड्याची होती. किलतानाचा तुकडा टाकला, 'जागेवर' म्हटलं, आणि पठ्ठ्या अडीच तास पडून राहिला. एक लहान पोरगी येऊन त्याच्याशेजारी झोपली पण. मी लक्ष ठेवून होतो, कितीही भरवसा असला तरी लहान पोर आणि मोठं कुत्रं एकटं सोडायचं नाही.

पुराच्या पाण्यात उतरू द्यायचं नाही त्याला. उंदराच्या मुतातनं लेप्टो नावाचा रोग पसरतो, कुत्र्याला होतो आणि त्याच्यातनं आपल्याला. लसीत आहे पण तरी.

१८ ऑगस्ट

लिहायला वेळ नाही. चिखल, वैरण नाही, ऊस गेला दीड एकर. गुंड्या ३९ किलो.

१७ सप्टेंबर

विसर्जन. याला शहरात न्यायचा विषयच नाही, डीजेच्या भिंतीसमोर माणसाचं काळीज हलतंय. घरात खिडक्या बंद, पंखा, आज्जी. आता राखण जागी झालीय. फाटकापाशी कोण आलं की भुंकत नाही, नुसता उठून मधे जाऊन उभा राहतो. माणसाकडं बघतो, मग माझ्याकडं. मी "असू दे" म्हटलं की परत किलतानावर. या "असू दे" साठी आठ महिने गेलेत.

६ ऑक्टोबर

आजची गंमत. छोटी रेडी दावं तोडून शेजारच्या उसात शिरायला लागली. मी हाक मारायच्या आत गुंड्या उठला, पळत नाही, दुडक्या चालीनं गेला, पुढून वळसा घातला आणि खांद्यानं तिच्या पुढच्या पायावर एक ढुशी दिली. भुंकणं नाही, दात नाहीत. रेडी थांबली. परत ढुशी. वळली आणि गोठ्याकडं.

मी वाचलं होतं की ही मूळची खाटकांची कुत्री, जनावरं बाजाराला हाकत न्यायची आणि मांसाच्या गाड्या ओढायची, मग रेल्वे आली, काम गेलं, आणि जात जवळजवळ संपत आली, पुढं १९१० च्या सुमारास पोलिसांनी घेतलं म्हणून वाचली. वाचलं होतं, पण आमच्या गोठ्यात असं बघायला मिळेल वाटलं नव्हतं. त्याला कुणी शिकवलं नाही हे. अण्णा तंबाखू मळता मळता थांबलेले. "परत सोड की रं तिला," म्हणाले. मी म्हटलं नको, अजून सांधे कच्चे आहेत, आणि म्हशीनं लाथ घातली तर जबडा जाईल. थोडं नाराज झाले.

२४ नोव्हेंबर

वर्षाचा झाला. ४४ किलो, खांद्याला ६५ सेंटिमीटर. खाणं दोन वेळा, खाल्ल्यावर तास-दीड तास पळापळ नाही, खोल छातीच्या कुत्र्याचं पोट फुगून पीळ बसतो आणि मग हातात फार वेळ नसतो. खुब्याचा एक्स-रे पुढच्या आठवड्यात. खर्च महिन्याला सात हजारांच्या घरात जातोय, घेताना कुणी विचारलं तर आधी हा आकडा सांगतो, मग फोटो दाखवतो.

आता मुख्य बातमी. परवा रात्री केबल चोरीला गेली. तिसऱ्यांदा. नदीवरची मोटार गोठ्यापासनं अर्धा किलोमीटर, आणि गुंड्या सोप्यात आज्जीच्या खाटेखाली झोपलेला. दादा सकाळीच हजर, "अठ्ठावीस हजाराचं कुत्रं आणि सत्तर मीटर केबल!" गल्लीत सगळ्यांना सांगून झालंय त्याचं. मला काय उत्तर द्यावं सुचेना.

अण्णा शांतपणे म्हणाले, "त्याला मोटार कधी दाखवलीच न्हाय की आपण."

मी म्हटलं अण्णा, तसं नसतं, तो जिथं राहतो ते राखतो, लांबची वायर कशी राखेल, आणि रात्री तिथं एकटा ठेवणार काय त्याला? ऐकलं नाही. आज पहाटे उठलो तर खिळ्याला पट्टा नव्हता, मुसकं पण नव्हतं. दोघं नदीवर गेलेले. येताना गुंड्याच्या पायाला चिखल, अण्णांच्या खिशाला उकडलेल्या अंड्याचा वास.